वावरात बंदूक नेण्याआधी: नव्या लायसन्सधारकासाठी आणि नव्या शिपायासाठी

विदर्भातल्या खेड्यात बंदूक साधारण तीन वाटांनी घरात येते. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पिकात घुसतात म्हणून कोणी लायसन्स काढतो, कोणाला आजोबांची दुनळी वारशाने मिळते, कोणाला बँकेच्या पहाऱ्याची नोकरी हवी असते. चौथी वाट पोलीस भरतीची. या चौघांनाही पहिल्या दिवसापासून एकच सवय लावून घ्यायची आहे: बंदूक रिकामी आहे असं कोणी सांगितलं, अगदी स्वतःच्या बापाने सांगितलं, तरी स्वतः उघडून बघितल्याशिवाय मानायचं नाही. घरात गोळी सुटली की पुढे जबाबात एक वाक्य हमखास येतं, “साहेब, ती रिकामी होती.” हा लेख त्या वाक्यासाठी लिहिला आहे.

१. कागद आधी, बंदूक नंतर

ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, कारण लायसन्स देणारे अधिकारी जिल्हादंडाधिकारी असतात. नागपूर आणि अमरावती शहरांच्या हद्दीत हे काम पोलीस आयुक्तांकडे असतं. वयाची अट २१ पूर्ण. शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. अर्जाचा नमुना ए-१. सोबत हे लागतं:

- ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो
- शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला
- शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र
- शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र
- पीक संरक्षणासाठी अर्ज असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधी झालेल्या नुकसानीचे पंचनामे

यानंतर तुमच्या पोलीस ठाण्यातून चौकशी होते. घरात कोण राहतं, भाऊबंदकीत वाद आहेत का, गुन्हा दाखल आहे का, दारूचं प्रमाण किती, हे सगळं विचारलं जातं. खरं सांगा. लपवलेली गोष्ट पुढे लायसन्स रद्द व्हायला पुरेशी असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सची मुदत ५ वर्षं आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका. कायमचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवा.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र “कुठून तरी” आणायची चूक करू नका. एक-दोन दिवस नीट शिकलेला माणूस आणि नुसता शिक्का आणलेला माणूस यांच्यातला फरक पहिल्याच रात्री मचाणावर कळतो. शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगा: मला माझ्याच प्रकारची बंदूक उघडून, भरून, रिकामी करून दाखवा आणि माझ्याकडून वीस वेळा करून घ्या.

इथले दोन सापळे लक्षात ठेवा. लायसन्सधारक आजोबा वारले आणि बंदूक तशीच कपाटावर राहिली, तर त्या दिवसापासून ती बेकायदा ताब्यात आहे. आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. दुसरा सापळा जागलीचा, म्हणजे रात्री पीक राखण्याचा. “आज रात्री तू जा” म्हणत सालगड्याच्या हाती बंदूक देता येत नाही. ज्याचं नाव लायसन्सवर आहे, त्यानेच ती बाळगायची.

२. बंदुकीचं लायसन्स म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

ही गफलत सगळ्यात जास्त लोकांना तुरुंगाच्या दारापर्यंत नेते. रानडुक्कर आणि रोही यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरावर बंदूक चालवायची असेल तर वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. ती हातात नसेल तर वावर तुमचं असो की दुसऱ्याचं, गुन्हा तोच.

ताडोबा-अंधारी, मेळघाट, बोर, टिपेश्वर, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ज्ञानगंगा, पैनगंगा यांपैकी कोणत्याही जंगलाच्या आसपास राहत असाल तर आणखी एक कलम लागू होतं. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवं लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. जुन्या लायसन्सधारकांनाही वनखात्याकडे नोंद करावी लागते. अर्ज महिनोन् महिने अडकला की लोक कलेक्टर कचेरीत खेपा घालत बसतात, आणि अडथळा खरं तर इथे असतो. अर्जाबरोबरच गावाचं अभयारण्याच्या हद्दीपासूनचं अंतर तपासून घ्या.

३. बंदूक आणि काडतूस ओळखा

शेतकऱ्याच्या हाती बहुधा बारा बोरची (बोर म्हणजे नळीचं माप) एकनळी किंवा दुनळी येते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनी भरमारही असते, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायची बंदूक. दुनळीला दोन चाप असतील तर पुढचा साधारणपणे उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. उजवी नळी बहुधा मोकळी, डावी तोंडाशी आवळलेली असते. आवळलेल्या नळीतून एकच मोठी गोळी असलेलं काडतूस मारू नये, नळीवर ताण येतो.

काडतुसाच्या पितळी बुडावर बोर छापलेला असतो, तो दर वेळी वाचा. रंगावर जाऊ नका. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या नळीत गेलं तर ते घसरून पुढे अडकतं. वरून नळी रिकामी दिसते, माणूस त्यामागे बारा बोरचं काडतूस भरतो आणि चाप ओढला की नळी डाव्या हातातच फुटते. दोन्ही बोरच्या बंदुका असलेल्या घरात काडतुसं एका डब्यात ठेवू नका, एका खिशात तर नाहीच. काडतुसाची लांबीही बघा. जुन्या बंदुकीची कोठी, म्हणजे काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरची असेल तर ७० चं काडतूस आत बसतं, पण सुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीखाली कोरलेला आकडा लोहाराकडून नव्हे, परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून वाचून घ्या.

पावसाळ्यात कागदी काडतुसं फुगतात. बोटाने सहज आत न गेलेलं काडतूस दाबून बसवायचं नाही, बाजूला काढायचं. काडतुसं लायसन्सवर लिहिलेल्या संख्येइतकीच, परवानाधारक दुकानातूनच आणि नोंद करूनच घ्या. रिकामी टरफलं परवानगीशिवाय घरी पुन्हा भरणं हा वेगळा गुन्हा आहे.

आपली बंदूक छर्रे कसे टाकते हे कागदावर पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका. रेंजवर ३६ मीटरवर मोठा कागद लावा, एक फैर झाडा आणि छर्रे सगळ्यात दाट पडले तिथे ७५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. मोकळ्या नळीचे सुमारे ४० टक्के आणि पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे ७० टक्के छर्रे आत पडतात. बाकीचे कुठे गेले ते त्या कागदाच्या कडेला बघा. वर्तुळाबाहेर गेलेला प्रत्येक छर्रा कुठेतरी जाऊन पडतोच, आणि तुमच्या वावराला लागून दुसऱ्याचं वावर आहे.

४. हात लावला की आधी तपासणी

बंदूक कपाटातून काढताना, कोणाच्या हातून घेताना, कोणाला देताना, गाडीतून उतरवताना, प्रत्येक वेळी हाच क्रम. घाईत असाल तरी हाच.

पहिलं, नळीचं तोंड कोणाच्याही दिशेला नाही अशा जागी वळवा. घरात असाल तर मातीच्या जमिनीकडे. फरशीकडे नको, छर्रे उडून परत येतात. दुसरं, बोट चापाच्या कडीबाहेर, दस्त्याच्या बाजूला सरळ टेकवा. तिसरं, वरची कळ अंगठ्याने सरकवून बंदूक उघडा. चौथं, दोन्ही कोठ्यांत बघा आणि अंधार असेल तर करंगळीचं टोक आत घाला. बोटाला पितळेची कडा लागते की मोकळी जागा, हे अंधारातही चुकत नाही. पाचवं, उघड्या बंदुकीची नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आरपार बघा.

हे पाचवं पाऊल आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. कुंभारमाशी महिनाभर न वापरलेल्या नळीत मातीचं घर करते. बाहेरून काही दिसत नाही. आत बोटभर लांबीचा वाळलेल्या चिखलाचा गोळा असतो आणि तो नळी फोडायला पुरतो. मचाणाला टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या तोंडात काळी माती शिरते तीही तशीच. आरपार उजेडाचं गोल कडं दिसलं पाहिजे. कडं तुटलेलं किंवा अंधुक दिसलं तर गज घालून नळी साफ करा, मगच भरा.

सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नका. बहुतेक दुनळ्यांत तो फक्त चाप अडवतो, आतला घोडा अडवत नाही. जुनी, झिजलेली बंदूक सेफवर असताना आपटली तरी सुटू शकते. भरलेल्या बंदुकीला सेफ म्हणायचं नाही. सेफ फक्त उघडी बंदूक.

५. वावरात आणि मचाणावर

बंडीत, मोटारसायकलवर, ट्रॅक्टरवर बंदूक रिकामी आणि पूर्ण झाकलेल्या पिशवीत. सार्वजनिक जागी उघडी बंदूक मिरवायला २०१६ च्या नियमांनी मनाई आहे. जत्रा, मिरवणूक, शाळेचं आवार इथे नेऊच नका. वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वर गेलेलं शिसं खाली कुठे पडेल हे कोणालाच ठाऊक नसतं.

कुपाटी (काट्यांचं कुंपण) ओलांडताना आणि धुरा (बांध) चढताना बंदूक उघडा, काडतुसं खिशात घ्या, बंदूक पलीकडे आडवी ठेवा, मग स्वतः पलीकडे जा. दोघं असाल तर एकाने दोन्ही बंदुका धरायच्या नाहीत.

मचाणावर चढताना बंदूक खांद्यावर नको. रिकामी करून पिशवीत घाला, तोंड खाली राहील अशी दोरीला बांधा, आधी स्वतः चढा, मग दोरी ओढा. वर आल्यावर नळी पुन्हा आरपार बघा. काडतुसं मचाणावर नीट बसल्यावरच भरा आणि झोप यायला लागली की काढून घ्या. रात्रभर भरलेली बंदूक मांडीवर घेऊन डुलक्या घेणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, ती मोडायलाच हवी. थंडीत तोंड-हात चादरीत गुंडाळलेला माणूस दचकून उठतो तेव्हा त्याचं पहिलं बोट चापावर जातं.

आता सगळ्यात कठीण भाग. तुरीत काहीतरी सळसळलं, बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. चमकणारे डोळे गाईचेही असतात, कुत्र्याचेही. तूर डिसेंबरात डोक्याच्या वर जाते, तिच्यात माणूस उभा असला तरी दिसत नाही. पहाटे पऱ्हाटी वेचायला बाया निघतात. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला अख्खं घर अंधारात जंगलाकडे जातं, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. शेजारचा गडी पांदणीने पाणी सोडायला येतो, त्याच्या हातात बॅटरी असेलच असं नाही. जनावराचं पूर्ण अंग, त्याच्या मागची जमीन आणि दोन्ही बाजू दिसल्याशिवाय बोट आत घालू नका. आवाजावर, हालचालीवर, डोळ्यांवर कधीच नाही. मागे मातीचा उतार किंवा बंधारा असेल तर बरं. टेकाडाच्या माथ्यावर उभ्या जनावरावर तर मुळीच नको, कारण मागे फक्त आकाश असतं. .३१५ रायफलची गोळी दोन किलोमीटरपलीकडेही जाते. विदर्भात दोन किलोमीटरवर दुसरं गाव असतं.

जागलीला जाताना शेजारच्या धुरेकऱ्यांना आणि पोलीस पाटलाला आधी सांगा. त्या रात्री कोण कुठे असणार हे एकमेकांना ठाऊक असू द्या. दारू प्यायलेल्या माणसाने त्या रात्री बंदुकीजवळ जायचं नाही, मग तो लायसन्सधारक असो की त्याचा सोबती.

चाप ओढला आणि बार झाला नाही तर बंदूक खाली आणू नका. तोंड त्याच सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, कधी कधी काडतुसातली दारू उशिरा पेट घेते. मग चेहरा बाजूला ठेवून उघडा. बार झाला पण आवाज फुसका आला तर दुसरं काडतूस भरण्याआधी नळी आरपार बघा, आत काडतुसातलं बूच अडकलेलं असू शकतं. कानात कापूस घालून भागत नाही, रबरी बुचं किंवा कानपट्टे घ्या. बारा बोरच्या थोड्या बारांनीही ऐकू येण्यावर कायमचा परिणाम होतो.

६. भरमार असेल तर

भरमारीचं सगळं संकट एका प्रश्नात आहे: भरली आहे की नाही? उघडून बघता येत नाही. म्हणून गजावर दोन खुणा करा. रिकाम्या नळीत गज किती आत जातो ती एक, ठरलेल्या मापाने भरल्यावर किती जातो ती दुसरी. हातात घेतली की आधी गज घालून बघा. डबल भरणी हेच नळी फुटण्याचं नेहमीचं कारण आहे. टोपी (दारूला ठिणगी देणारी) अगदी शेवटी, बार काढायच्या वेळीच बसवा. दारू मापाच्या छोट्या पात्रातून ओता, डब्यातून थेट नळीत नको, आधीच्या बाराचा निखारा आत राहिलेला असू शकतो. आसपास विडी पेटवू देऊ नका. बार चुकला तर निदान एक मिनिट थांबा. काळी दारू ओल ओढते आणि रात्रीत गंज चढवते, म्हणून त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून तेल द्या.

७. नव्या शिपायासाठी

प्रशिक्षण केंद्रात “खाली कर” आणि “जाँच शस्त्र” हजार वेळा ऐकलेलं असतं. गार्ड बदलीच्या वेळी, कंटाळलेल्या पहाटे, दोन पावलं एकत्र करायचा मोह होतो आणि नेमकी तिथे गोळी सुटते. क्रम उलटा झाला की काय होतं ते नीट समजून घ्या. पिस्तुलाची स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर कोठीतला राउंड बाहेर पडला तरी स्लाइड परत जाताना मॅगझिनमधला वरचा राउंड आत ढकलते. मग मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं, आणि शिपायाला वाटतं की दोन्ही कामं झाली. एसएलआर आणि इन्सास रायफलींनाही हाच नियम.

म्हणून: तोंड वाळूच्या पेटीकडे, बोट बाहेर, मॅगझिन काढून खिशात, मग स्लाइड किंवा कॉकिंग हँडल मागे, मागेच अडकवून कोठीत नजर आणि बोट, मगच पुढे सोडा. बदली घेणाऱ्यानेही स्वतः बघायचं. राउंड मोजून वहीत लिहिल्याशिवाय सही नाही.

९ एमएम कार्बाइनबद्दल वेगळं सांगायला हवं. तिचा बोल्ट बार काढताना मागे उघडा असतो. बोल्ट पुढे आहे म्हणजे ती शांत आहे असं वाटतं. पण मॅगझिन लावलेलं असताना ती आपटली, तर झटक्याने बोल्ट मागे जाऊन राउंड उचलू शकतो. जीपच्या मागच्या बाकावर ती नुसती टाकू नका, सेफवर ठेवून गळ्यात बांधा.

वर्षाकाठचा गोळीबार सराव हा हजेरी लावण्याचा कार्यक्रम नाही. तेवढ्यावर हात बसत नाही. रिकाम्या शस्त्राने, दुसऱ्याने तपासल्यावर, राउंड खोलीत नसताना, भिंतीकडे तोंड करून रोज दहा मिनिटं पकड, नेम आणि चाप दाबण्याचा सराव करा. गर्दीत बंदूक काढायची वेळ आली तर मागे कोण आहे हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच तुमचाही आहे. ७.६२ ची गोळी कुडाची भिंत आणि मातीची भिंत पार करते.

८. साफसफाई

बार काढल्यानंतर त्याच दिवशी गजाला सुती चिंधी लावून तेलाने, मग कोरड्या चिंधीने नळी साफ करा. शेवटी तेलाचा पातळ हात. जाड तेल नको, ते धूळ धरतं आणि काळ्या मातीबरोबर दगड होतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पुसा. कापडी खोळीत कायमची ठेवू नका, खोळ ओल धरते.

९. घरातली जागा

भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेलं लोखंडी कपाट, त्याला कुलूप. बंदूक रिकामी आणि शक्यतो सुटी केलेली. काडतुसं दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. किल्ली देव्हाऱ्यात, तांदळाच्या डब्यात, माळ्यावर नको, मुलांना या जागा आधीच ठाऊक असतात. किल्ली लायसन्सधारकाच्या अंगावर.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगायलाच हवी. कर्ज, नापिकी, आजारपण किंवा घरातली भांडणं यांनी कोणी खचलेलं असेल, कोणाची झोप उडाली असेल, कोणी फार पिऊ लागलं असेल, तर बंदूक काही महिने ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. यात लाज नाही, लायसन्सही त्याने जात नाही. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला की जशी निमूट करतो, तशीच. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका, आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जा.

बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर सकाळ व्हायची वाट न बघता जवळच्या ठाण्यात कळवा.

१०. गोळी लागलीच तर

आधी बंदूक उघडून रिकामी करा आणि बाजूला ठेवा, घाबरलेल्या हातात ती दुसरा अपघात करते. १०८ वर फोन, सोबत ११२. रक्त येतं तिथे स्वच्छ कापड घडी करून दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडू नका. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. हाता-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या वर, शरीराच्या बाजूला रुंद पट्टीने आवळून बांधा आणि वेळ कपाळावर किंवा कागदावर लिहा. सुतळी किंवा तार नको. छर्रे उकरू नका. हळद, मिरची, चुना घालू नका. पाणी पाजू नका, ऑपरेशनची गरज पडू शकते. रुग्णवाहिका येईपर्यंत पांदणीच्या तोंडाशी एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा, रात्री गाड्या मळ्यांच्या वाटा चुकतात. रिकामी टरफलं आणि बंदूक जिथे ठेवली तिथेच पंचनाम्यापर्यंत राहू द्या.